लुपानार : लांडगिणीचे घर आणि गायब गिऱ्हाईक

इंग्रजी कोशांत 'लुपानार' हा शब्द सापडतो, पण इंग्रजी बोलणाऱ्याच्या तोंडी तो सहसा सापडत नाही. अर्थ साधा आहे : वेश्यागृह, आपल्या भाषेत कुंटणखाना. फ्रेंच, स्पॅनिश, पोर्तुगीज आणि इटालियन या लॅटिनच्या लेकींनी तो अजून सांभाळला आहे, तोही बाजारात नव्हे, मुख्यतः पुस्तकात. इंग्रजीत तर तो पाहुणाच. तिथे हा शब्द वापरणारा एक तर पाँपेईविषयी लिहीत असतो, नाही तर घाणेरड्या जागेचे नाव सभ्य लोकांसमोर घ्यायचे कसे, या अडचणीत असतो.

या दुर्मीळ शब्दाचा अर्थ शोधायला फार वेळ लागत नाही. त्याने अर्थाबरोबर काय काय झाकले आहे, हे शोधायला मात्र बराच लागतो. शब्दाची व्युत्पत्ती लावून झाली की अभ्यास संपला, असे आपल्याकडे पुष्कळदा समजले जाते. मला वाटते, व्युत्पत्ती हा साक्षीदार आहे आणि त्याचीही उलटतपासणी व्हायला हवी.

आधी साक्ष. लॅटिनमध्ये 'लुपुस' म्हणजे लांडगा आणि 'लुपा' म्हणजे लांडगीण. 'लुपा'चा दुसरा, शिवीवजा अर्थ वेश्या. तिच्यापासून 'लुपानार', म्हणजे लुपांची जागा. शेवटचा 'आर' हा वस्तूंची आणि जागांची नावे घडवणारा प्रत्यय. 'पुल्विनुस' म्हणजे उशी आणि 'पुल्विनार' म्हणजे देवांसाठी मांडलेले गाद्यागिरद्यांचे आसन. हा पुल्विनार लक्षात ठेवावा, तो पुढे लागणार आहे.

'लुपुस' आपल्याला परका नाही. संस्कृत 'वृक', ग्रीक 'लुकोस' आणि लॅटिन 'लुपुस' ही एकाच मूळ शब्दाची तीन रूपे. लॅटिनच्या स्वतःच्या ध्वनिनियमांप्रमाणे इथे 'प' यायला नको होता. म्हणून भाषाशास्त्रज्ञ मानतात की हे रूप रोमने शेजारच्या इटालिक बोलींतून उचलले. ज्या नगरीची जन्मकथाच लांडगिणीच्या दुधावर उभी आहे, तिने लांडग्याचा शब्द शेजाऱ्याकडून उसना घ्यावा, ही गंमतच.

त्या जन्मकथेतच 'लुपा'ची पहिली भानगड आहे. रोम्युलस आणि रीमस या जुळ्यांना टायबरच्या काठी टाकून दिले, लांडगिणीने त्यांना पाजले, मग फाउस्टुलुस नावाच्या मेंढपाळाने त्यांना घरी नेले आणि बायकोच्या, लारेंतियाच्या, हवाली केले. ही कथा सांगता सांगता इतिहासकार लिव्ही मध्येच एक पाठभेद नोंदवतो. काहींच्या मते लारेंतियाचे शरीर सर्वांना खुले होते, म्हणून मेंढपाळ तिला 'लुपा' म्हणत आणि त्यातूनच ही अद्भुत कथा निघाली. म्हणजे लांडगीण नव्हतीच, होती ती एक बाई. ऑगस्टसच्या काळात लिहिणाऱ्या लिव्हीने हे एका वाक्यात सांगितले आणि तो पुढे गेला.

पुढे ख्रिस्ती लेखकांनी हे वाक्य हत्यार म्हणून उचलले. चौथ्या शतकाच्या सुरुवातीला लाक्टांशियसने ते रोमन देवादिकांची खिल्ली उडवायला वापरले. ज्या बाईला तुम्ही पुजता ती कोण होती ते पाहा, हा त्याचा सूर. संत ऑगस्टीनने 'ईश्वराच्या नगरी'त तेच सांगताना 'लुपा'वरूनच 'लुपानार' आला अशी जोडही दिली. सातव्या शतकात सेव्हिलच्या इसिडोरने आपल्या प्रचंड व्युत्पत्तिकोशात याच्या पुढचे पाऊल टाकले. वेश्येला 'लुपा' का म्हणायचे? तर ती लांडग्यासारखी हावरी असते, बिचाऱ्यांना स्वतःकडे ओढते आणि धरून ठेवते, म्हणून.

इथे काय झाले ते नीट पाहू. लिव्हीच्या वाक्यात बाई 'सर्वांना खुली' आहे, म्हणजे येणारे दुसरेच कोणी आहेत. इसिडोरकडे येईपर्यंत ती शिकारी झाली आणि येणारा 'बिचारा' झाला. शब्द तोच, पण अर्थाचे टोक फिरवून उलट बाजूला लावले. कोशकार निःपक्षपाती असतो हा आपला समज अशा जागी तपासून घ्यावा.

शेजारच्या भाषा काय करतात ते पाहिले की फरक आणखी स्पष्ट होतो. ग्रीकमध्ये वेश्यागृहाला 'पोर्नेइओन' म्हणत. ते 'पोर्ने'वरून आले आणि 'पोर्ने'चा संबंध विकणे या अर्थाच्या धातूशी लावतात. म्हणजे ती विकलेली बाई. लॅटिनचाच दुसरा शब्द 'मेरेत्रिक्स', म्हणजे कमावणारी. हे दोन्ही शब्द निदान व्यवहार मान्य करतात. पहिल्यात विक्री आहे, दुसऱ्यात मजुरी. 'लुपा' मात्र विक्री आणि मजुरी दोन्ही पुसून टाकते आणि जनावर उभे करते.

काही शब्द माणसाचे नाव न घेता इमारतीचे घेतात. लॅटिन 'फोर्निक्स' म्हणजे कमान किंवा कमानीखालचे तळघर. अशा ठिकाणी हा धंदा चाले, म्हणून 'फोर्निक्स'ला वेश्यागृह हा अर्थ चिकटला आणि त्यावरून चर्चच्या लॅटिनमध्ये व्यभिचाराच्या पापाचे नाव तयार झाले. गवंड्याचा शब्द कबुलीजबाबाच्या खोलीत जाऊन बसला. फ्रेंच 'बोर्देल' मुळात फळ्यांची झोपडी. इंग्रजी 'ब्रॉथेल'चा प्रवास याच्या उलट. तो आधी नालायक माणसाला लावत, मग वेश्येला, आणि शेवटी तिच्या घराला.

आता आपल्याकडे वळू. संस्कृतात 'वेश' असा शब्द आहे. पोशाखाचा 'वेष' तो हा नव्हे. हा तालव्य 'श'चा, 'विश्' म्हणजे प्रवेश करणे या धातूचा. अर्थ घर, वस्ती, आणि विशेषतः वेश्यांची वस्ती. अमरकोशात तो याच अर्थाने येतो. 'वेश्या' हा शब्द या 'वेशा'वरून निघाला. संस्कृतने घरावरून बाईचे नाव घडवले, लॅटिनने बाईवरून घराचे. वेश, ग्रीक 'ओइकोस' म्हणजे घर आणि लॅटिन 'वीकुस' म्हणजे गल्ली किंवा वस्ती हे शब्द एकाच कुळातले आहेत. पाँपेईत ज्या गल्लीवर प्रसिद्ध लुपानार उभा आहे तिला आज इटालियनमध्ये 'विको देल लुपानारे' म्हणतात. त्या पाटीतला 'विको' आपल्या 'वेशा'चा भाऊ आहे आणि 'लुप' आपल्या 'वृका'चा. एका पाटीवर आपले दोन दूरचे नातेवाईक शेजारी शेजारी बसले आहेत.

मराठीतला 'कुंटणखाना' तिसऱ्या जातीचा. संस्कृत 'कुट्टनी'ची मराठीत 'कुंटीण' झाली आणि तिला फारसी 'खाना' जोडला गेला. इथे घराला नाव मिळाले ते मध्यस्थ बाईचे. काश्मीरच्या जयापीड राजाच्या दरबारातल्या दामोदरगुप्ताने आठव्या शतकात 'कुट्टनीमत' लिहिले. त्यात विकराला नावाची म्हातारी कुट्टनी वाराणसीच्या मालतीला धंद्याचे धडे देते. दात पडलेली, लोभी, हिशेबी कुंटीण हे पात्र तेव्हापासून आपल्या साहित्यात ठाण मांडून आहे. 'कोठा' हा शब्द मात्र इमारतीचा, मूळ 'कोष्ठ'. देवलांच्या नाटकामुळे मराठी रसिकांच्या ओळखीच्या झालेल्या वसंतसेनेचे घर मूळ 'मृच्छकटिका'च्या चौथ्या अंकात विदूषक आठ प्रकोष्ठ ओलांडत पाहतो आणि थक्क होतो.

मुंबईने चौथी तऱ्हा दाखवली. कामाठी हे तेलुगू मुलखातून आलेले बांधकामावरचे मजूर. त्यांच्या वस्तीचे नाव कामाठीपुरा. पुढे त्या भागात हा धंदा वाढला आणि आज नुसते 'कामाठीपुरा' म्हटले तरी ऐकणाऱ्याच्या मनात तोच येतो. शहर बांधणाऱ्यांचे नाव ज्या अर्थाला चिकटले त्याच्याशी त्यांच्या कामाचा काही संबंध नव्हता.

आता हे सगळे शब्द एका रांगेत ठेवू : लांडगिणीचे घर, विकलेलीचे घर, कमान, फळ्यांची झोपडी, कोठा, वेश, कुंटणीचा खाना, मजुरांची वस्ती. बाईचे नाव मिळाले, कुंटणीचे मिळाले, विटा-लाकडाचे मिळाले, परक्या मजुरांचेही मिळाले. या रांगेत एकाही घराला गिऱ्हाइकाचे नाव नाही आणि जागेच्या मालकाचेही नाही. ज्याच्या पैशावर घर चालते आणि ज्याच्या खिशात भाडे जाते, ते दोघेही शब्दाबाहेर उभे आहेत. लुपानारचा आणि या रांगेचा माझ्या दृष्टीने हाच मुख्य अर्थ आहे.

हे दोघे शब्दात नाहीत, पण दगडात आणि कायद्यात आहेत. पाँपेईचा तो लुपानार १८६२ साली उत्खननात निघाला. तेव्हा काम ज्युझेप्पे फियोरेल्लीच्या देखरेखीखाली चालू होते. इमारत दुमजली. खाली पाच अरुंद खोल्या, वर पाच. खालच्या खोल्यांत दगडी बांधीव खाटा. दारांच्या वरच्या भिंतीवर संभोगाची चित्रे, जिन्याजवळ शौचकूप. एका खोलीच्या ओल्या गिलाव्यात नाण्याचा ठसा उमटला होता. ते नाणे इ. स. ७२ चे, म्हणजे हा गिलावा ज्वालामुखीच्या आधी फार तर सात वर्षांचा. डागडुजी करून २००६ साली ही इमारत पुन्हा लोकांना खुली झाली.

भिंतींवर शंभराहून अधिक ओरखडे आहेत. गिऱ्हाइकांनी आपापली नावे खरडली आहेत, एकमेकांना रामराम घातले आहेत, फुशारक्या मारल्या आहेत. त्यात फीबुस नावाचा एक अत्तरविक्या आहे. त्याने नाव लिहिले, धंदा लिहिला आणि आपण इथे काम उत्तम केले असेही लिहिले. नावासकट, पेशासकट, बढाईसकट हे गिऱ्हाईक तिथे हजर आहे. 'लुपानार' या शब्दाने ज्याला वगळले त्याला भिंतीने जपून ठेवले.

त्याच भिंतींवर बायकांचीही नावे आहेत. मोला आहे, व्हिक्टोरिया म्हणजे विजया आहे. सारा लेविन-रिचर्डसन या विदुषीने याच इमारतीवर २०१९ साली पुस्तक लिहिले. बायकांविषयीच्या किंवा त्यांच्या तोंडच्या या ओळींत त्या नुसत्या वस्तू नाहीत, क्रियापदाच्या कर्त्याही होतात, हे तिने व्याकरणाच्या अंगाने दाखवले आहे. हे वाचन मला पटते. पण त्यावरून त्या सुखी होत्या असा अर्थ कोणी काढू नये. गुलामालाही वाक्याचा कर्ता होता येते.

त्या बहुधा गुलाम किंवा गुलामीतून सुटलेल्या होत्या, हे इतर पुराव्यांवरून दिसते. रोममध्ये गुलाम बाई विकताना 'हिला वेश्याव्यवसायाला लावू नये' अशी अट घालता येत असे. अट मोडली तर ती बाई स्वतंत्र होईल, असा निर्णय सम्राट वेस्पेशियनने दिला. वेस्पेशियन वारला इ. स. ७९ च्या जूनमध्ये आणि पाँपेई त्याच वर्षी गाडले गेले. म्हणजे ज्या वर्षांत फीबुस भिंतीवर लिहीत होता, त्याच सुमारास रोमच्या कायद्याला हे ठाऊक होते की बाई तिथे स्वतः चालत येत नाही, तिला विकून आणतात. अट घालावी लागते याचा अर्थ अट नसलेल्या विक्र्या सर्रास होत्या. सम्राट कॅलिग्युलाने तर वेश्यांवर कर बसवला होता. दर ठरवताना मोजमाप धरले होते ते एका गिऱ्हाइकाकडून मिळणाऱ्या रकमेचे. राज्यही त्या कमाईत भागीदार होते.

आणि मालक? दलालाला, म्हणजे 'लेनो'ला, रोमन कायदा नीच मानी. त्याला नगरातली मानाची पदे मिळत नसत. पण तिसऱ्या शतकाच्या सुरुवातीचा कायदेपंडित उल्पियन वारसा हक्काच्या चर्चेत सहज सांगून जातो की पुष्कळ प्रतिष्ठित गृहस्थांच्या मिळकतींत लुपानार चालतात, त्यामुळे त्यांचे भाडेही मिळकतीच्या उत्पन्नात धरावे. नेमका आपलाच शब्द त्याने वापरला आहे. दलाल बदनाम, बाई लांडगीण, भाडे घेणारा प्रतिष्ठित. कायद्याच्या एका कोरड्या वाक्यात जे आले ते इसिडोरच्या व्युत्पत्तीत आले नाही.

शब्दाचा आणखी एक परिणाम आहे आणि तो थेट संशोधनावर होतो. एकदा 'लुपानार' ही चिठ्ठी हातात आली की ती कुठल्याही इमारतीवर चिकटवण्याचा मोह होतो. अश्लील चित्र दिसले, लाव चिठ्ठी. भिंतीवर बाईचे नाव आणि भाव दिसला, लाव चिठ्ठी. असे करता करता पाँपेईतल्या वेश्यागृहांची संख्या ३५ वर गेली, तीही दहा-बारा हजार वस्तीच्या गावात. १९९५ साली अँड्र्यू वॉलेस-हॅड्रिल यांनी कडक निकष लावले : बांधीव खाट, चित्रे आणि विशिष्ट प्रकारचे लेखन ही तिन्ही एकत्र हवीत. तेव्हा हाती उरली ही एकच इमारत, आणि तिच्याबरोबर रस्त्याकडे उघडणाऱ्या काही एकखणी खोल्या. थॉमस मॅक्गिन यांनी २००४ च्या पुस्तकात शक्यतांची यादी पुन्हा चाळिसाच्या पुढे नेली. त्यांचा मुद्दा असा की हा धंदा खाणावळीत, दारूच्या गुत्त्यात, घरातल्या मागच्या खोलीतही चाले, त्यासाठी वेगळी इमारतच लागते असे नाही. मला मॅक्गिन यांचे म्हणणे अधिक वास्तव वाटते. एक घर बाजूला काढून त्याला 'लांडगिणीचे' नाव दिले की उरलेले गाव आपोआप स्वच्छ होते. उल्पियनच्या प्रतिष्ठितांना हेच तर हवे होते.

साहित्यात हा शब्द सर्वांत परिणामकारक वापरला तो जुवेनालने, सहाव्या व्यंगकाव्यात. सम्राट क्लॉडियसची पत्नी मेसालिना नवरा झोपला की वेष बदलून लुपानारात जाते आणि तिथे 'लिसिस्का' या खोट्या नावाची पाटी लावून बसते, असे तो रंगवतो. मेसालिना मेली इ. स. ४८ मध्ये आणि जुवेनाल लिहितो दुसऱ्या शतकात. साक्ष म्हणून याची किंमत थोडी. पण कारागिरी पाहण्यासारखी आहे. 'लिसिस्का' हे ग्रीक 'लुकोस'वरून आलेले नाव, म्हणजे छोटी लांडगी. कवी 'लुपा' हा शब्द उच्चारत नाही. तो लॅटिन लांडगिणीच्या घरात ग्रीक लांडगी बसवतो. पुढे रात्र संपते आणि ती परतते तेव्हा तो 'लुपानार' आणि 'पुल्विनार' हे शब्द एकाच ओळीत आणतो. एकाचा वास दुसऱ्यावर जातो. पुल्विनार म्हणजे देवांचे आसन, इथे सम्राटाची शय्या. दोन्ही शब्दांचा शेवट सारखा, मधली अक्षरे तेवढी वेगळी. कुंटणखाना आणि राजशय्या यांच्यात प्रत्ययाचेही अंतर नाही, असे तो कानाला ऐकवतो. एक न्याय्य गोष्टही त्याच्याकडे आहे : पहाटे मुलींना घरी पाठवणारा दलाल त्याने विसरलेला नाही.

मराठीत हे कसे आणावे? 'वेश्यालय' लिहिले तर अर्थ येतो, पण सरकारी कागदाचा वास येतो. 'कुंटणखाना' लिहिले तर चीड येते, पण लांडगीण जाते आणि तिच्या जागी म्हातारी कुंटीण येऊन बसते, जी जुवेनालच्या ओळींत नाही. 'लुपानार' तसाच ठेवला तर तो वाचकाला इतिहासाच्या सहलीवर नेतो आणि गिलाव्याची भिंत दिसेनाशी होते. इंग्रजीत नेमके हेच झाले. लॅटिन डाव्या पानावर आणि इंग्रजी उजव्या पानावर छापणाऱ्या लोएब मालेतली पुस्तके कोशाच्या मदतीने वाचत मी ही भाषा शिकलो. त्या मालेतल्या मार्शलच्या जुन्या भाषांतरात उजवीकडे मधूनच इंग्रजी थांबते आणि इटालियन सुरू होते. कविता अश्लील आली की भाषांतरकार भाषा बदलतो. नेपल्सच्या संग्रहालयानेही तेच केले होते. पाँपेईतल्या कामुक वस्तू १८१९ नंतर कुलपात गेल्या आणि 'गुप्त कक्ष' सर्वांसाठी कायमचा उघडला तो २००० साली. दुर्मीळ परभाषी शब्द हेही एक कुलूपच. किल्ली असलेल्याला आत जाता येते आणि आत गेल्याचे कोणाला कळतही नाही.

म्हणून माझे मत असे. जुवेनालच्या ओळीत 'लांडगिणीचे घर' असे सरळ लिहावे, कारण तिथे कवीला लांडगीण हवी आहे. उल्पियनच्या वाक्यात 'कुंटणखाना' लिहावे, कारण तिथे भाड्याचा व्यवहार आहे आणि प्रतिष्ठितांच्या शेजारी हा शब्द टोचला पाहिजे. इसिडोरचे भाषांतर करताना 'बिचारे' हा शब्द मुळीच सौम्य करू नये, त्याचा पक्षपात त्याच्याच तोंडून वाचकाला ऐकू द्यावा. आणि पाँपेईच्या त्या इमारतीविषयी लिहिताना 'लुपानार' वापरायला हरकत नाही, एका अटीवर : त्याच परिच्छेदात फीबुस अत्तरविक्याचेही नाव यावे. त्याने स्वतः होऊन लिहिलेले आहे, खोडायचा आपल्याला काय अधिकार?